एकादशीचा पाय

शाळेच्या यंदाच्या अंकासाठी संपादकांचं पत्र आलं. "प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा," असं होतं, आणि खाली रेघ मारून, "कोळ्याला जीवदान दिल्याचा प्रसंग अवश्य यावा." त्या रेघेपायी मी चार दिवस धड जेवलो नाही. शेवटी सून म्हणाली, "बाबा, लिवा नायतर नाय म्हणान कळवा. पण आमका छळू नकात."

लिहायचं ठरवलं. मात्र तो प्रसंग जसा सांगितला जातो तसा घडलेला नाही. घडला तसा सांगायचा, तर त्यात जीवदान देणारा मी उरत नाही, आणि जिने ते दिलं तिच्यावर माझ्यामुळे आलेला आळ पुसावा लागतो. संपादकांना चालत असेल तर छापावं.

आमचं हायस्कूल मालवणजवळ, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीचे. मी मॅट्रिक नापास झालो आणि बाविसाव्या वर्षी तिथल्या प्रयोगशाळेत लागलो. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांवरची लेबलं वाळवी खाऊ लागली की नवीन चिकटवायची, सांगाड्याची बरगडी निखळली की तारेने बांधायची. सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू करायचं एक काचेचं यंत्र होतं. ते एकदा नेमकं शिक्षणाधिकारी यायच्या दिवशी गळलं, आणि साहेब हेडमास्तरांकडे बघत चहा न घेताच उठले.

पण माझं खरं काम फॉर्मलीनचं. बंदरावरून चित्रविचित्र मासे, खेकडे, तारामासे यायचे. ते धुऊन, कापसावर नीट पसरून, एक भाग फॉर्मलीन आणि नऊ भाग पाणी अशा बाटलीत घालायचे. पोरं मला 'दत्तू फॉर्मलीन' म्हणायची. या कामात घाई महत्त्वाची. पावसाळ्यात तर मेलेला जीव दोन तासांत वास मारू लागतो, आणि पाय आखडले की पुन्हा पसरता येत नाहीत. त्यामुळे कुठलाही प्राणी हलेनासा दिसला की माझा हात आपोआप बाटलीकडे जायचा. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. निदान अनेक वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलो.

गावातले लोकही काहीबाही घेऊन यायचे. कुणकेश्वराकडचा एक म्हातारा मडक्यात मांडूळ घेऊन आला आणि त्याला दोन तोंडं आहेत असा शाळेचा शिक्का मारलेला दाखला मागू लागला. दुसरं तोंड म्हणजे शेपटी, हे मी त्याला दाखवलं. तो मडकं उचलून चालू लागला. जाता जाता म्हणाला, "शेपटी तर माकाय कळता. मगे साळेत शिकवतत काय?"

सामंत सर विज्ञान शिकवायचे. दोडामार्गाकडचे, कोल्हापुरात शिकलेले, अविवाहित. गोवा मोकळा झाला त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात ते सुट्टीहून परतले ते मांडीवर दूध पावडरचा डबा घेऊनच. कंडक्टरने विचारलं तेव्हा त्यांनी "काजूगर" म्हणून सांगितलं होतं. डब्यात कोळीण होती. त्यांच्या काजूच्या बागेतल्या चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत, बिळाच्या तोंडाशी सापडलेली. पाय पसरले की चहाची बशी भरेल एवढी. करडी, अंगभर मखमलीसारखी लव. "इंग्रजीत हिला टॅरंटुला म्हणतात," सर म्हणाले. "चावली तर दोन दिवस हातपाय वळतील. मरणार नाहीस."

मासे ठेवायची जुनी काचेची पेटी होती, तिच्यात माती घातली. घर म्हणून अर्धी करवंटी, पाण्यासाठी एक शिंपला, वर जाळीचं झाकण. पंधरवड्यातून एखादं झुरळ, बाकी कडकडीत उपास. म्हणून दहावीच्या मुलींनी तिचं नाव ठेवलं एकादशी. हेडमास्तरांना ते नाव आवडलं नव्हतं. पण ते प्रयोगशाळेच्या आत पाऊल टाकत नसत, म्हणून टिकलं.

मला एकादशीची भीती वाटायची. हे मी आजवर एकीवाचून कुणाला सांगितलेलं नाही. सापाचं मला काही वाटत नसे, विंचू मी चिमट्याने उचलायचो. पण आमच्याकडे लहानपणापासून कानांवर असतं की कांतीण, म्हणजे कोळीण, अंगावरून गेली की तिथे फोड उठतात, कातडी झडते. माझ्या थोरल्या भावाच्या गालावर लहानपणी तसे फोड आले होते, आणि आई आयुष्यभर छपराकडे बघत झोपली. त्यात हिचं चालणं. आंधळा माणूस बोटांनी भिंत चाचपत यावा तसे तिचे आठ पाय एकेक करून टेकायचे. झुरळ टाकायला झाकण उचललं की माझ्या पाठीवरून घाम ओघळायचा. सरांना हे सांगायची सोय नव्हती. नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि कायम करायची की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचं.

गणपतीच्या सुट्टीआधी तीन आठवडे तिने काही खाल्लं नाही. पोट काळपट दिसू लागलं. तिने मातीवर पांढरी जाळीदार चादर विणली. सर घरी जायला निघाले तेव्हा म्हणाले, "दत्ताराम, कात टाकेलसं दिसतंय. टाकली तर ती जपून ठेव, मुलांना दाखवू. रोज एकदा येऊन बघत जा. माझी ठेव आहे ती तुझ्याकडे."

कात टाकणं मला माहीत होतं ते सापाचं. साप झुडपात अंग घासत पुढे सरकतो आणि कात मागे राहते. कोळीणही तशीच चालत चालत बाहेर येईल असं मी धरून चाललो. ती कशी टाकते हे सरांनीही तोवर पाहिलं नव्हतं.

ऋषिपंचमीच्या सकाळी मी घरची आरती उरकून शाळेत गेलो. शाळा रिकामी, पाऊस थांबलेला, कौलांवरून पाणी ठिबकत होतं. पेटीत बघितलं तर एकादशी त्या पांढऱ्या चादरीवर उताणी पडलेली. आठही पाय वर, थोडे दुमडलेले.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. आता झाकण उचलायला नको, झुरळं पकडायला नकोत. तिला बाटलीत घालून लेबल लावलं की संपलं. सर हळहळतील, पण उपासाने मेली म्हटल्यावर माझ्यावर काही येणार नाही.

मी फॉर्मलीन मोजून बाटली तयार केली. टेबलावर कापूस पसरला. मोठा चिमटा घेतला, पेटीत घातला, मागचा एक पाय धरून तिला उचललं आणि कापसाकडे आणू लागलो.

तेवढ्यात बाकीचे सातही पाय एकदम आत ओढले गेले.

मी ओरडलो. चिमटा सुटला. ती वीतभर उंचीवरून कापसावर पडली, तशीच उताणी. चिमट्याच्या टोकाला तिचा पाय तसाच होता. जिथून तो तुटला तिथे निळसर पाण्याचा एक थेंब जमला, मोठा झाला, आणि कापसात जिरला. मग दुसरा. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. जवळ जायची भीती, आणि पळून जायचीही भीती. तिच्या छातीवरचं कवच डबीच्या झाकणासारखं उचकटलेलं होतं, आणि आतून काहीतरी ओलं, पांढरट, जिवंत धडपडत होतं. ते काय आहे मला कळेना. वाटलं, तिच्या आतून दुसरी येते आहे.

"दत्तू, रे दत्तू! सर खंय गेले? चांदणी हाडलंय," असं म्हणत दारातून सुभद्राकाकी आली.

सुभद्राकाकी म्हणजे बंदरावरची मासे विकणारी. चाळिशी उलटलेली, नवरा होडीवर, आवाज खणखणीत. सरांना लागणारे नमुने तीच आणायची. जाळ्यात काही वेगळं अडकलं की ओल्या फडक्यात गुंडाळून थेट प्रयोगशाळेत. एकदा सरांनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली बांगड्याचं खवलं दाखवलं होतं. तेव्हापासून बाजारात ती बायकांना सांगायची, "तुमी बांगडो इकतास, मी तो बघितलंय." तिला सगळे चिडवून 'साळेतली बाय' म्हणायचे, आणि ते तिला फार आवडायचं. गणपतीत मासळी कोण घेणार, म्हणून त्या सकाळी ती मोकळी होती.

माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रे, भूत बघितलंस काय?"

"काकी, ही मेली म्हणान मी उचललंय. आणि हिना पाय हलवल्यान."

तिने ती चांदणी, म्हणजे तारामासा, टेबलावर ठेवला आणि वाकून बघितलं. मग म्हणाली, "मेली खंय? अरे, ही कात टाकता. ह्या बघ कवच उसवलेला. कुर्लीचा असाच होता. कवच फाटता आणि आतसून मऊ कुर्ली भायर येता." कुर्ली म्हणजे खेकडा.

"मगे ही उताणी कित्याक?"

"बाळंतीण कशी पडता? तुका काय ठावक, तू बाप्यो माणूस." मग तिची नजर चिमट्याकडे गेली. "ह्या रे काय?"

मी पाय दाखवला.

"तोंडात घाल तो चिमटो," ती म्हणाली. "कात टाकणारी कुर्ली जाळ्यात गावली तर आमी ती परत पाण्यात सोडतो. तिका हात लावूचो नसता. लोण्यासारखी असता ती, बोट लावशीत थंय मोडात. ही काय आता वाचूची नाय. पण बघूया."

रक्त आधी थांबवायला हवं होतं. मी हळद म्हटलं, तर ती म्हणाली, "हळद झोंबतली. तांदळाचा पीठ हाड." शाळेसमोरच्या घरात मोदकांची गडबड चालू होती. मी धावत जाऊन चिमूटभर पीठ मागून आणलं. कशाला हवं ते सांगितलं नाही. ते पीठ काडीच्या टोकाने तुटल्या जागी टेकवलं. दोनदा भिजलं, तिसऱ्यांदा चिकटून राहिलं.

मग दिसलं ते असं: एकादशीचं अंग जवळजवळ बाहेर आलं होतं, पण माझ्या झटापटीत पुढचे दोन डावे पाय जुन्या कातीत पिळवटून अडकले होते. ती ते ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. प्रत्येक ओढीला आधीपेक्षा कमी जोर.

"वाळत चालली कात," काकी म्हणाली. "वाळली की आवळतली. भिजव ती."

प्रयोगशाळेत ग्लिसरीन होतं. कोमट पाण्यात ते थोडं मिसळलं आणि चित्रकलेच्या कपाटातला सगळ्यात बारीक कुंचला आणला. मी कुंचला काकीपुढे केला. तिने हात मागे घेतले.

"माझे हात खारे रे. जल्मभर मिठात. मीठ लागला तर तिचा कातडा जळात. तूच लाव."

"माका नाय जमणा, काकी."

"कित्याक?"

"भियतंय मी तिका."

आयुष्यात हे मी फक्त तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मीय भियतंय. माझ्या आवशीक कांतीण फिरलेली मानेर, सडली होती मान. पण ही आता कोणाक काय करतली? तिचे दात बघ." नवे दात बाहेर आले होते, भाताच्या शितासारखे पांढरे आणि तितकेच मऊ. "बस हंय. माझ्याकडे बघ नको, तिच्याकडे बघ."

तिने बाहेरून तोडून आणलेलं केळीचं पान तळहातावर घेतलं, आणि कापसासकट एकादशीला त्या पानावर सरकवून पुन्हा पेटीत ठेवलं. तळहात आणि तो प्राणी यांच्यात एक पान होतं, एवढंच. मी तर पानावरूनही धरलं नसतं. तिचे ओठ हलत होते. बहुधा देवाचं नाव.

मग मी सकाळी साडेआठपासून दुपारी बारापर्यंत कुंचल्याने थेंब थेंब लावत बसलो. सांध्यावर एक थेंब, थांबायचं, पुन्हा एक थेंब. काकीने माझं मनगट पेटीच्या काठावर दाबून धरलं होतं. बाहेर घराघरांतून आरत्यांच्या झांजा ऐकू येत होत्या. मध्येच एकादशी अगदी निपचित पडायची, आणि मी काकीकडे बघायचो. ती म्हणायची, "दम खाता. कळा देताना बायको दम खायत नाय?" एकदा तसं झालं तेव्हा मात्र तीही नुसती बघत राहिली. तो वेळ किती होता सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे सर उभे होते, शेरा लिहिताना.

साडेदहाच्या सुमारास पहिला पाय सुटला. ओढला गेला, लांबला, आणि ओल्या दोऱ्यासारखा पानावर पडून राहिला. दुसऱ्याला आणखी दीड तास गेला. तो सुटला तेव्हा काकीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "सुटली रे झिला!" जुनी कात बाजूला रिकाम्या हातमोज्यासारखी पडली होती. तिला सात पाय होते. आठवा माझ्या चिमट्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकाशी पोचलो तर काकी आधीच पायरीवर बसलेली. दोघांनी मिळून दार उघडलं, कारण आत एकट्याने जायची माझी तयारी नव्हती. एकादशी सुलटी होऊन पायांवर उभी होती. तिरपी, एका बाजूला कललेली, रंग नव्या कपड्यासारखा काळाशार. काकी म्हणाली, "काल गणपतीक गाऱ्हाणा घातलंय हिच्यासाठी. कांतणीसाठी गाऱ्हाणा घालणारी अख्ख्या तळकोकणात मीच पयली असतलंय."

ती रोज आली. शिंपल्यात पाणी घालायचं, पेटीच्या कडेची माती ओली ठेवायची, बाकी हात लावायचा नाही. खायलाही द्यायचं नाही. दात कडक व्हायला दिवस लागतील, मऊ दातांवर झुरळ उलटलं तर तेच तिला खाईल, हे तिने सांगितलं. मला त्या दिवसांत भूक नव्हती. एकादशी जगेल का, हा एक घोर. आणि जगली तर सात पायांचं काय सांगायचं, हा त्याहून मोठा.

सर आठव्या दिवशी आले. छत्री कोपऱ्यात ठेवून सरळ पेटीकडे गेले. वाकून बघितलं. मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दत्ताराम, हे काय?"

मी म्हटलं, "सर, सुभद्राकाकी आली होती."

मला पुढचं बोलायचं होतं. शपथेवर सांगतो, बोलायचं होतं. पण सरांनीच विचारलं, "तिने हात लावला?"

"तिने पेटीत हात घातला होता."

"कात टाकत असताना?"

"हो सर."

"आणि मग तू काय केलंस?"

"ग्लिसरीन लावलं. अडकलेले पाय सोडवले. तुटल्या जागी पीठ लावलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सरांनी बाकीचं स्वतःच जोडलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास. तू नसतास तर गेली होती." नमुन्यांच्या नोंदवहीत त्यांनी सांगितलं तसं मी माझ्या हाताने लिहिलं: 'मासेवालीच्या हाताळणीमुळे एक पाय निकामी. परिचराच्या प्रसंगावधानामुळे प्राण वाचले.' माझं अक्षर चांगलं होतं. हेडमास्तरांनी त्याच दुपारी शिपायाला सांगितलं की मासेवाल्या बाईला फाटकाच्या आत सोडायचं नाही. पुढच्या स्नेहसंमेलनात सरांनी हा प्रसंग सगळ्यांसमोर सांगितला, टाळ्या झाल्या, आणि वर्षभरात मी कायम झालो. तेव्हापासून तो प्रसंग प्रत्येक मेळाव्यात सांगितला जातो. गेल्या मेळाव्यात एका डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्याने सांगितला. त्यात ती मासेवाली पेटी पाडते, असंही आता जोडलं गेलं आहे.

एवढ्यावर थांबलो तर ही चूक घाईची झाली. मेलेलं म्हणून उचललं, कामाची सवय. वर मी तसंच लिहिलं. पण ते पूर्ण नाही. चिमटा पेटीत घातला तेव्हा, पाय धरायच्या आधी, तिच्या एका पायाचं टोक हललं होतं. अगदी थोडं, वाऱ्याने हलावं तसं. मी ते पाहिलं. मनात म्हटलं, वारा असेल. खिडक्या बंद होत्या. मला ती मेलेली हवी होती, म्हणून मी चिमटा घट्ट केला. हे सुभद्राकाकीलाही ठाऊक नव्हतं.

फाटकावर अडवलं त्या दिवशी ती शिपायाशी भांडली नाही. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मी सुटायची वाट बघत होती. मला वाटलं, आता बाजारातल्या आवाजात मला सोलून काढणार. पण तिने विचारलं, "जेवली काय रे ती?"

"अजून नाय."

"माका कित्याक आडवल्यानी? कोणी काय सांगल्यान?"

मी म्हटलं, "हेडमास्तरांचो नवो नियम."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला त्या क्षणी कळलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणाली, "दात काळे झाले काय बघ. काळे झाले की झुरळ घाल. बारक्यातला घाल. आणि पायाचो घोर करू नको. पुढच्या कातीक नवो येतलो. कुर्लीक येता."

चार दिवसांनी एकादशीने झुरळ खाल्लं. सरांनी मुलांना बोलावून दाखवलं. मी बंदरावर जाऊन काकीला सांगायला हवं होतं, गेलो नाही. बाजारात बायका तिला आता दुसऱ्याच सुरात 'साळेतली बाय' म्हणू लागल्या होत्या. कांतणीचो पाय मोडून इली, असं काही तरी. मासळी आणायचं काम मी बायकोवर सोपवलं. कारण विचारलं तेव्हा वासाचं निमित्त सांगितलं. फॉर्मलीनमध्ये दिवस काढणाऱ्या माणसाने.

पुढच्या वर्षी एकादशी पुन्हा उताणी झाली. या वेळी मी दाराशी स्टूल टाकून बसलो आणि सरांनाही आत जाऊ दिलं नाही. पाच तासांनी ती मोकळी झाली. तुटक्या जागी नवा पाय होता. इतरांपेक्षा बारीक, फिकट, पण सगळे सांधे असलेला. सर लहान मुलासारखे हसले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी शाळेत येताना फाटकाजवळ सुभद्राकाकीने मला गाठलं. हातात ओलं फडकं होतं.

"दत्तू, पाय इलो?"

"इलो. बारीक आसा, पण इलो."

"सांगलंय नाय!" ती एवढ्या मोठ्याने हसली की शिपायाने वळून बघितलं. "मगे झाला तर! मोडलेला सगळा परत इला. आता सरांका सांग, माका आत घेवा म्हणान. बघ काय हाडलंय." तिने फडक्याचं टोक उघडून दाखवलं. आत बोटाएवढा समुद्रघोडा होता, शेपटी वळवत होता. "जितो आसा. तेंका जितो बघूक आवडतलो. बेगीन सांग."

"सांगतंय," मी म्हटलं.

ती फाटकाबाहेरच्या चिऱ्यावर बसली. मी वर गेलो. पहिला तास झाला, दुसरा झाला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ती दिसत होती. मधूनमधून उठून समोरच्या विहिरीपाशी जायची आणि फडकं भिजवून आणायची. गोड्या पाण्यात समुद्रघोडा जगत नाही हे तिला ठाऊक होतं, पण समुद्रापर्यंत जाऊन यायचं तर जागा सोडावी लागली असती. मधली सुट्टी झाली. दोनदा मी सरांच्या टेबलापर्यंत गेलो आणि शाईची दौत सरकवून परत आलो. काय सांगायचं? तिला आत घ्या म्हटलं तर पाय मोडला कसा हेही आलं असतं.

शेवटच्या तासाला सर वह्या तपासत खिडकीशी उभे राहिले. त्यांना लांबचं नीट दिसत नसे. बाहेर बघत त्यांनी विचारलं, "दत्ताराम, सकाळपासून ती फाटकाशी कोण बसली आहे रे?"

मी म्हटलं, "कुणी नाही, सर."

ती सुभद्राकाकी होती, सर.